पायानं सुटणारा मॉप

आमच्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांत फरशी पुसायला एक मॉप वापरतात. त्याचा दोऱ्यांचा झुबका बदलताना हात लावावा लागत नाही. दांडा बादलीवर उभा धरायचा, खालच्या पट्टीवर पाय द्यायचा, की घाण झुबका सुटून बादलीत पडतो. धुतलेला झुबका जमिनीवर ठेवून वरून दांडा दाबला की खट् करून बसतो. हा मॉप मी तयार केला. बायकोच्या हातांना त्रास होऊ नये म्हणून केला, असं लोक सांगतात आणि मीही तसंच सांगत आलो. त्यात खरं किती, ते आज लिहितोय. तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही.

घाटनांदूरच्या बाहेर रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. कारखाने सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येतात. वाकलेले फाळके, झिजलेले हूक, चिरलेल्या चौकटी. त्या दिवसांत जेवायला फुरसत नसते. एरवी ग्रिल, गेट, कडबाकुट्टीची डागडुजी. चार एकर रान आहे, ते भावाकडं. घर खाऊन-पिऊन बरं.

माझी आई आजारी पडली तेव्हा तालुक्याच्या गावात एका खाजगी दवाखान्यात होती. बायको तिच्याजवळ राहिली. आईचं सगळं ती करायचीच, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला कुणी नव्हतं तर तिचंही करायची. आई बरी होऊन घरी आली आणि दवाखान्यातून बायकोला विचारणा झाली, कामाला येता का म्हणून. तिनं मला न विचारताच हो सांगितलं. घरी येऊन म्हणाली, "मी जाणार हाय. घरी बसून लई कंटाळा येतो." काम कसलं, तर मावशीचं. दवाखान्यात झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, पेशंटला संडासाचं भांडं देणाऱ्या बाईला मावशी म्हणतात.

मी नाही म्हणालो नाही. पण भावकीत कुणी विचारलं तर एवढंच सांगायचो, "दवाखान्यात असती." पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं. लोकांनी सिस्टर समजून घेतलं आणि मी घेऊ दिलं.

दिवाळीला चुलते आले. जेवणं उरकल्यावर त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि बायकोपुढं हात धरला.

"घे गं सूनबाई, बीपी बघ बरं. लई गरगरायलंय."

"मला कुठं येतंय मामंजी बीपी?"

"मंग दवाखान्यात करती काय?"

"फरशी पुसती. संडास-बाथरूम बी."

चुलत्यांनी बाही खाली घेतली, बटण लावलं आणि माझ्याकडं बघितलं. "तू तर म्हनलास सिस्टर हाय."

"मी कुठं म्हनलो? दवाखान्यात हाय म्हनलो."

"बरं हाय बे तुझं. उद्या तू जेलात गेलास तर आमी सांगू, सरकारी बंगल्यात असतो."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त बायको हसली. मी पानाचा डबा शोधायला उठलो. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "तुमी लाजलाव का?"

"छे," मी म्हणालो.

आमच्याकडं कोणतं काम कुणाचं, हे न बोलता ठरलेलं असतं. दुसऱ्याची घाण आपल्या घरातल्या बाईनं काढायची नसते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी अंगात होतं. आई गोठ्यातलं शेण काढायची, हात नुसता पाण्यात बुडवायची आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकायची. ती मी आवडीनं खाल्ली. शेण आपलं होतं. तेव्हा एवढा विचार मी केला नव्हता, आत्ता करतोय.

एकदा सामान आणायला तालुक्याला गेलतो, म्हणून तिला भेटायला दवाखान्यात शिरलो. ती संडासाच्या बाहेर उकिडवी बसली होती. जुना मॉप म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्या, मधे झुबका, आणि आवळायला हातानं फिरवायचा, दोन कानांचा एक नट. फिनेलच्या पाण्यानं तो नट गंजून जाम व्हायचा. फिरवायचा तर ओला झुबका डाव्या मुठीत घट्ट धरावा लागे. तिनं तसाच धरला होता. बोटांच्या फटींतून काळं पाणी मनगटावर येत होतं. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "थांबा, एवढं बदलते अन् आले." वॉर्डाचा झुबका वेगळा आणि संडासाचा वेगळा, असा तिथला नियम. बाकीच्या मावश्या त्या नटाला कंटाळून एकच झुबका सगळीकडं फिरवायच्या आणि डॉक्टरांच्या शिव्या खायच्या. ही मात्र दर वेळी बदलायची.

मी थांबलो नाही. दुकानात माणूस बसलाय असं सांगून निघालो.

संध्याकाळी ती परातीत भाकरी थापत होती. रोजचाच तो आवाज. तळहातावर पीठ घेऊन, दुसऱ्या हातानं गोल फिरवत. मला बोटांच्या फटी दिसल्या. भाकरी ताटात आली आणि मी म्हणालो, "अगं, मी खाऊन आलो स्टँडवर. ट्रॉलीवाला सोडंना."

हे मी दुसऱ्या दिवशीही म्हणालो. मग कधी भजे, कधी उसळ-पाव, कधी भूकच नाही. सकाळी तिनं दिलेला डबा मी दुकानामागच्या कुत्र्याला घालायचो आणि डबा धुऊन घरी न्यायचो. धुतलेला डबा बघून तिला बरं वाटायचं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

ती कामावरून आली की न्हाणीत साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, मग अंघोळ करायची, मग चुलीपुढं बसायची. याहून जास्त कुणी काय करावं? पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. तिचा हात त्या झुबक्याला लागलाच नाही तर? लागला नाही तर मी जेवीन. म्हणून मी मॉपच्या मागं लागलो. हातांना भेगा पडल्यात, नट फिरवून अंगठा दुखतोय, हे ती सांगायची तेव्हा मी ऐकायचो, पण कामाला लागलो ते त्यासाठी नाही.

पहिला नमुना सायकलच्या कॅरिअरवरून केला. स्प्रिंगचा चिमटा. धरायचा चांगला, पण उघडायला हातच लागायचा, मग उपयोग काय? नंतर ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची उघडणारी बाजू, डोळ्यापुढं आला. आमच्याकडं फाळक्याच्या खटक्याला लाथ मारतात आणि तो खाली पडतो. तसलाच खटका बारीक करून दांड्याच्या बुडाशी बसवला. बायकोनं तो दवाखान्यात नेला आणि संध्याकाळी हसतच घरी आली.

"अहो, डॉक्टर राउंडला आलते अन् मी खाटंखाली पुसत होते. खाटंच्या पायाला धक्का लागला, तर तुमचा झुबका सुटून डॉक्टरच्या बुटावर! पेशंट बी हसायले. डॉक्टर म्हनले, मावशी, हे काय शेपूट तुटलं का?"

"दे इकडं," मी म्हणालो.

पुन्हा बसलो. दांडा तिरका असेल तर पट्टी अडकून राहील आणि सरळ उभा धरला तरच पायानं दबेल, अशी खीळ घातली. ओल्या चपलेनं पाय घसरतो असं ती म्हणाली, म्हणून पट्टीवर वेल्डिंगच्या आडव्या रेघा ओढल्या. लोखंड गंजायचं, तिथं स्टील लावलं. ट्रॉल्यांचं काम अंगावर असताना मी हे करत होतो. ती दुकानात येऊन स्टुलावर बसायची, बादली पुढं घेऊन पाय दाबून बघायची. एकदा खटका मनासारखा बसला तेव्हा म्हणाली, "माझ्यासाठी एवढं कशापायी करायलाव? लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कधी एक खिळा ठोकला न्हाई तुमी."

"असंच," मी म्हणालो आणि काच तोंडावर ओढून वेल्डिंग सुरू केलं. वेल्डिंगचा डाग द्यायला काही शिल्लक नव्हतं.

मॉप चालला. मावश्यांना तो एवढा आवडला की डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डांसाठी करून मागितले. ते पोचते केले त्या दिवशी त्यांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पेढ्यांचा बॉक्स. दोन शब्द बोला म्हणाले. मी कधी चार माणसांत बोललो नाही. तोंडातून निघालं, "बायकोच्या हातांकडं बघवत नव्हतं."

वाक्य खरं होतं. टाळ्या पडल्या. एक मावशी ओरडली, "दाजी, आमच्या धन्याला बी शिकवा की! त्याला आमचे हात दिसतच न्हाईत, नुस्तं ताट दिसतंय!" बायकोनं पदर तोंडाला लावला होता. ती लाजत होती, खूश होती.

मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या पित्ताचं काय? मावशी सांगत होत्या, तुम्हाला रात्री घरी जेवण जातच नाही. एकदा तपासून घ्या."

मला पित्त नव्हतं. म्हणजे ती माझं झाकत होती. का झाकत होती, काही कळलं होतं म्हणून, की खरंच काळजी म्हणून, हे मला तेव्हा समजलं नाही.

दुपारी मावश्यांनी जिन्याखाली डबे सोडले आणि मला धरून बसवलं. "आज दाजी आमच्यात जेवणार." बायकोनं आपला डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. तिनं अर्धी भाकरी मोडली, त्यावर भाजी घातली आणि माझ्या हातावर दिली.

सकाळपासून तिनं माझाच मॉप वापरला होता. एकाही झुबक्याला तिचा हात लागला नव्हता. हात कोरडे होते, साबणाचा वास येत होता. मी ज्यासाठी एवढी खटपट केली ते सगळं झालं होतं. आणि घास माझ्याच्यानं उचलेना. तेव्हा मला कळलं की पाण्याचा, झुबक्याचा काही संबंध नव्हता. मी तिच्या कामालाच शिवत नव्हतो. मॉप कितीही चांगला केला असता तरी ते तसंच राहिलं असतं.

मी भाकरी तिच्या डब्याच्या झाकणात ठेवली, पेढ्यांचा बॉक्स फोडला आणि एक पेढा तोंडात टाकला. "आज गोड," मी म्हणालो. मावश्यांनी ते बघितलं. त्यांना कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांतल्या काहींना हे जन्मापासून माहीत होतं. बायकोनं ती अर्धी भाकरी उचलली आणि खाली बघत स्वतः खाल्ली.

संध्याकाळी ती माझ्यासोबत घरी आली. हात धुवायला गेली नाही. तशीच ओट्यावर बसली.

"पहिल्यापासून का?" तिनं विचारलं.

"त्या दिवशी तुला भेटायला आलतो, तेव्हापासून."

"अन् डबा?"

मी कुत्र्याचं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल.

"मंग तो खटका माझ्यासाठी न्हाई केला तुमी."

"न्हाई."

"मी सगळ्यांला सांगितलं, माझ्यासाठी केला." एवढं बोलून ती उठली. "उद्यापासून तुमच्या नावाची भाकरी मी थापणार न्हाई. काम सोडणार न्हाई अन् भाकरी बी थापणार न्हाई."

तसंच झालं. ती तिच्यापुरतं करायची, आईसाठी करायची. आई विचारायची, "ह्याला का न्हाई?" ती म्हणायची, "त्यास्नी पित्त हाय." भांडण नाही, अबोला नाही. चहा मिळायचा, पण तो मी स्वतः ओतून घ्यायचो. आता मला घरात जेवायला कुणी बोलावत नव्हतं, त्यामुळं स्टँडवर जाताना खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती.

एका संध्याकाळी ती चुलीपुढं असताना मी जवळ जाऊन बसलो. "एक दे की," मी म्हणालो.

तिनं हात थांबवला नाही. "भूक लागली म्हणून मागताव का लाज वाटती म्हणून?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं.

"भूक लागली की मागा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानात पाणी पिऊन काम केलं. ट्रॉलीखाली झोपून वेल्डिंग करताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा दुकान बंद करून घरी आलो. ती नुकतीच कामावरून आली होती. मी ताट घेऊन बसलो आणि म्हणालो, "भूक लागली."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग परात ओढली. भाकरी थापली, भाजली, ताटात टाकली, वर ठेचा ठेवला. आणि तिथंच बसून राहिली, मी खातोय का बघत. पहिला घास मी पाण्यानं खाली ढकलला. दुसरा ढकलावा लागला नाही. सगळी भाकरी खाल्ली.

तिनं तव्यावरची दुसरी काढली आणि ताटाकडं आणली. मी ताटावर हात आडवा धरला. पाहुणे धरतात तसा, सगळेच धरतात तसा, नुसत्या सवयीनं. ती थांबली. भाकरी टोपल्यात ठेवली आणि फडक्यानं झाकली.

माझं पोट भरलं नव्हतं. ते तिला सांगायला तोंड उघडलं, तोवर ती उठून आईचं ताट वाढायला आत गेलती.