पडद्यावर सदतीस, पेटीत साडेसदतीस

उबवणी केंद्रातल्या मावशींचं अर्धं आयुष्य कोंबडीची अंडी उबवण्यात गेलं. पेटीचं बटण फिरवायचं, पारा बघायचा, आणि शंका आलीच तर अंडं उचलून मिटल्या पापणीला टेकवायचं. मग मालकांनी दोन पेट्यांपैकी धाकटीला आधी संगणक जोडला.

मालकांचं प्रत्येक वाक्य पायरीवर अडखळल्यासारखं सुरू होतं. "ते ठीक आहे, पण प्रोग्राम लिहिणार कोण?"

"मी," मावशी म्हणाल्या. सगळे हसले, आणि मावशी हट्टाला पेटल्या. भाचीकडून धडे घेतले.

"ते ठीक आहे, पण ही खेप बिघडली तर परत बटण," मालकांनी बजावलं. "प्रोग्रामचं नाव काढायचं नाही."

शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू स्वतःच ऊब धरतं, म्हणून पेटीची ऊब अर्ध्या अंशाने उतरवावी लागते. तेवढ्यासाठी मावशींनी एका कामापुरता प्रोग्रामचा तुकडा, म्हणजे एक फंक्शन, लिहिलं. चालवलं. पडद्यावर झोकात आलं : तापमान ३७. पेटीतला पारा मात्र साडेसदतीसवर ठाण मांडून.

"म्हातारा झालाय मेला," म्हणत मावशींनी नवा पारा लावला. तोही साडेसदतीस. "दोघांनी संगनमत केलंय!" शेवटी अंडं पापणीला लावलं आणि तोंड उतरलं. अंडं गरम होतं. फोन भाचीला.

"अगं मावशी, सदतीस कुठे लिहिलंस? फंक्शनच्या आत ना?"

"हो. छापूनही आलं की!"

"छापलंस पण आतच. आतलं तापमान वेगळं, बाहेरचं वेगळं, नाव एक असलं म्हणून काय झालं? फंक्शन संपलं की आतलं गेलं. पेटी बाहेरचं वाचते."

मावशी म्हणाल्या, "म्हणजे आमचे मामंजी! खोलीत बसून म्हणणार, 'आजपासून टीव्ही बंद.' स्वतःच मान डोलावणार. बाहेर टीव्ही आपला चालूच."

"अगदी तस्सं!"

"मग ते ग्लोबल का काय, ते करून टाकते. सगळ्या घराला लागू."

"नको गं. उद्या दहा फंक्शनं लिहिशील, जो तो येऊन आकडा फिरवेल, आणि कोणी फिरवला ते शोधत बसशील. आकडा रिटर्न कर, म्हणजे आतून बाहेर पाठव."

मावशींनी रिटर्न लिहिलं. पारा ढिम्म.

"अगं, बाहेर कोणी घेतलाय का तो? मामंजींनी दारातून चिठ्ठी दिली, तर बाहेर हात नको पुढे करायला?"

फंक्शनला हाक मारली होती त्या ओळीच्या सुरुवातीला मावशींनी 'तापमान =' जोडलं. पारा सावकाश उतरायला लागला. पण सकाळपासूनची जादा ऊब अंड्यांनी खाल्लीच होती. मावशींनी स्वतः जाऊन मालकांना सांगितलं. पाऱ्यावर घातलेला आळसुद्धा.

पिल्लं वेळेआधी बाहेर आली. बहुतेक चोची वर करून कलकलत होती. काहींची बेंबी नीट मिटली नव्हती, ती मावशींनी निराळ्या ट्रेमध्ये ठेवली. मालकांनी दोन्ही ट्रे पाहिले, बराच वेळ पाहिले.

"मोठ्या पेटीला बटणच राहू दे. ही धाकटी तुमच्या प्रोग्रामवर चालवा."

मावशींना दोन्ही पेट्या प्रोग्रामवर हव्या होत्या. "चालेल," त्या म्हणाल्या, आणि निराळ्या ट्रेमधल्या पिल्लांकडे वळल्या.