हिरवं फूल आणि खुरपणीचा हात

शेजारणी सहलीला महाबळेश्वरला जातात. मी गवतातलं फूल बघायला गेले. माझी नात रूथ कॉलेजात झाडापाल्याचं शिकते. डोंगरावरच्या कातळात, गवतात हिरव्या फुलाची एक आमरी उगवते; ऑर्किड म्हणतात तिला. यंदा फुललेली झाडं मोजून आणली नाहीत तर रूथचं वर्ष जाणार होतं. तिचा बाप एकटीला सोडेना. म्हटलं, मी जाते संगं.

श्रीरामपूरहून संगमनेर, अकोले करत एसटीनं राजूर गाठलं. पंच्याहत्तर उलटल्यावर तिकीट पडत नाही, म्हातारपणाचा एवढाच नफा. अकोल्यापुढं वळणं लई, पोटभर खाऊन बसू नका. राजूरहून वडाप जीप, माणशी पन्नास. मुक्काम पायथ्याच्या वाडीत, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवूखाऊ घालणाऱ्या हिराबाईकडं. दीडशे रुपयांत नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि पाहिजे तेवढा भात. नाचणी पहिल्या घासाला मातीसारखी लागते, तिसऱ्याला मागून घ्याल.

सकाळी हिराबाईसंगं वर चढलो. धुकं होतं, कातळ निसरडा. चपला घालून जाऊ नका. रूथ मोबाईलातला फोटो बघत दुपारपर्यंत वणवण फिरली, एक झाड सापडेना.

"हिरव्या गवतात हिरवं फूल. देवाकडं दुसरा रंग न्हवता का?" मी म्हटलं.

"आजी, तू गप तिथं खडकावर बस."

बसले. बसल्यावर डोळे आपोआप खुरपणीला लागले. पन्नास वर्षं लोकांच्या गव्हात, कांद्यात खुरपलंय. परकं पान मला लगेच कळतं. एक दांडी गवताची नव्हती. वीतभर उंच, वर एकाच बाजूला कंगव्याच्या दातांसारखी हिरवी फुलं. डोळ्यानं ओळखलं आणि हातानं उपटलं. मुळाशी बोराएवढा गड्डा, मातीसकट.

"रूथ, हेच का गं?"

तिचा चेहरा उतरला. "आजी, मोजायचं होतं गं. निंदायचं नव्हतं."

"हाताची सवय हाय."

हिराबाई हसत खाली बसली. "आजीबाई, ह्या डोंगरावर तुमाला रोजानं लावलं कुणी?"

गड्डा होता तिथंच लावला, बाजूनं दगड टेकवला. जगेल की नाही, सांगता येत नाही. मग मी दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि उकिडवी सरकत निघाले. झाड दिसलं की हनुवटीनं दाखवायचं, रूथनं फोटो काढायचा. दिवस कलायच्या आत बावीस झाडं झाली.

घरी आल्यावर आठवडाभर गुडघे धरून होते. रूथ कॉलेजात द्यायचा मोजणीचा कागद लिहिता लिहिता थांबली. "उपटलेलं मोजणीत धरू?"

"धर. आन कुनी उपटलं तेबी लिही."

लिहिलं तिनं, नावासकट. माझी शाळा दुसरीत सुटली. रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव छापलेला हा पहिलाच कागद, आणि त्यात माझा गुन्हा. वाईट वाटलं नाही. खालच्याच ओळीत लिहिलंय, बाकीची बावीस कुणी दाखवली ते.