दहा सुया आणि उघडं दार

मालेगावहून नाशिकची एसटी सुटली तेव्हा माझा धाकटा भाऊ राजू खिडकीशी होता आणि मी मुद्दाम वाटेच्या बाजूला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गर्दच्या (पन्नीवर जाळून ओढायची नशेची पूड) नादात तो दोन दवाखान्यांतून पळाला होता. आता पळाला तर जिवंत हाती लागणार नाही, ही धास्ती मला खात होती. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि हा कुडकुडत होता. पिंपळगावला द्राक्षांचे मळे लागले. एरवी मी कौतुकाने पाहिले असते.

देवळाली कॅम्पजवळ एका बैठ्या घरात कानात सुया टोचून उपचार करणारं व्यसनमुक्ती केंद्र होतं. दाराला कडीच नाही हे पाहून मी राजूचं मनगट घट्ट धरलं.

"सुयांनी व्यसन सुटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींची तलफ उतरते, झोप लागते. औषधं चालूच राहतील. आणि ताई, इथे सोबत आलेल्यालाही सुया लावतो."

"मला कशाला?"

"ही शिक्षा नाही, हे त्याला दिसू दे."

मी साध्या इंजेक्शनला डोळे मिटणारी बाई! प्रत्येक कानात पाच बारीक सुया. मुंगी चावल्यासारखं झालं, मग कान तापले. आता पाऊण तास गप्प बसायचं.

शेजारी सुया लावून बसलेले सिन्नरचे एक ड्रायव्हरदादा कुजबुजले, "काय होत नाय. म्या बी पयल्या दिवशी लय भ्यालो व्हतो."

तेवढ्यात राजू उठला आणि दाराबाहेर गेला.

मी कानात सुया तशाच ठेवून धावले. फाटकापाशी माणसं बघत राहिली. राजू फाटकाबाहेरच्या पायरीवर बसला होता, घामाने निथळत.

"ताई, मी निघालोच होतो. मग वाटलं, तू अशीच सुया घेऊन सगळा बाजार पालथा घालशील."

मला रडूच कोसळलं. आम्ही आत गेलो. माझी एक सुई वाटेत पडली होती. बाईंनी आधी ती शोधायला लावली, मगच आम्हाला पुन्हा बसवलं.

राजूला तिथे ठेवून मी संध्याकाळच्या गाडीने एकटीच परतले. वाटभर तो उघडा दरवाजा डोळ्यांपुढून हलेना. कडी असती तर मी निर्धास्त झाले असते. पण तो स्वतःहून थांबला, हे मला कधी कळलंच नसतं.

आई दारातच उभी होती. "बरा व्हयना का तो?" (बरा झाला का?)

"आज थांबला," मी म्हटलं.

उद्याचं विचारायचा तिला धीर झाला नाही, आणि सांगायचा मला.