क्रिस्टल हलवू नका

लॅबमधले किस्से तिथल्या छोट्या बाटल्यांसारखे साठत जातात. लेबल कधीच पुसलेलं असतं, पण टाकायचं म्हटलं की हात अडतो. रविवारी मारतहळ्ळीला आम्ही जुने लॅबवाले भेटलो की एकेक बाहेर निघतो.

आमचं काम सांगायला सोपं. लोखंड, कोबाल्ट, निकेल असे धातू घ्यायचे आणि नायट्रोजनवाले रेणू त्यांना कसे धरून बसतात ते पाहायचं. या धरून बसणाऱ्यांना लिगंड म्हणतात. पुण्याला आईला फोनवर एवढं समजावलं. ती म्हणाली, "धरून बसलेत ना नीट? मग तू कशाला थांबलायस तिथे? ये घरी."

पिरिडीन हा या मंडळींतला सगळ्यात वासाडा, सडक्या मासळीसारखा. एकदा शर्टावर दोन थेंब उडाले. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली, माणसं दाटीने उभी, आणि माझ्या शेजारची सीट रिकामी! कंडक्टरने तिकीटसुद्धा लांबूनच दिलं. आता इलेक्ट्रॉनिक सिटीत एसी ऑफिसात बसतो. खरं सांगू, त्या घाण वासाची फार आठवण येते.

खिडकीजवळचा कोपरा क्रिस्टलचा. बाटलीत द्रावण, झाकणाला सुईने भोक, आणि थांबायचं. चांगला क्रिस्टल आला तरच एक्स-रेने रेणूची रचना कळणार. तिथे शिंक आली तरी लोक बाहेर पळायचे. मी मात्र रोज सकाळी बाटली उचलून उजेडात धरायचो. सर इथल्याच जुन्या मराठी घरातले, बोलताना मधूनच कन्नड यायचं. म्हणाले, "दही लागलं का बघायला भांडं हलवतात काय रे? स्वल्प थांब."

सगळ्यात जास्त थांबली ती नागपूरची वैदेही. तिचा थीसिस एका क्रिस्टलवर अडला होता आणि चार वर्षांची मुलगी मनू नागपूरला आजीकडे. मनू फोनवर विचारायची, "कधी येतेस?" वैदेही सांगायची, "माझा क्रिस्टल अजून लहान आहे गं, त्याला सोडून येता येत नाही." मग फोन ठेवून बराच वेळ बेसिनपाशी उभी राहायची.

दिवाळीला तिने तिकीट काढलं. निघायच्या दिवशी लाल द्रावणात काहीतरी चमकलं. तिने तिकीट रद्द केलं. दिवाळीनंतर क्रिस्टल बाहेर काढला तर पांढराफटक. लाल दिसत होता तो द्रावणामुळे. लोखंड द्रावणातच राहिलेलं, नुसता लिगंडच जमून बसला होता. "बिनलोखंडाच्या लिगंडपायी दिवाळी गेली न माझी," ती म्हणाली. हसायला कुणालाच जमलं नाही.

मार्चमध्ये खरा आला, बाहेर काढल्यावरही गडद लाल. एक्स-रेत मधोमध लोखंड आणि भोवती सहा नायट्रोजन स्वच्छ दिसले. सरांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "सरी अक्का, जमलं. आता थीसिस घरी बसून लिही."

वैदेहीने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. आम्ही सगळे भोवती उभे.

"मने, झाला गं मोठा माझा क्रिस्टल! उद्या निघते मी."

मनूने विचारलं, "मग त्याच्याजवळ आता कोण राहणार?"