नमुन्याच्या पडद्यावरची बजाबाई

गुरुलिंग शांत माणूस आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला गुरुलिंग माहीतच नाही. चहा पावडरीच्या एकाच कंपनीचा सेल्समन म्हणून बावीस वर्षं सोलापूर जिल्हा पायाखाली घातलेला हा माणूस. सात एरिया मॅनेजर आले आणि गेले, सातही जणांशी त्याचं एकदा तरी कडाक्याचं वाजलं. दुकानदाराशी मात्र कधीच नाही. पायरीला गाडी लावली की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. अक्कलकोटकडं तो कन्नडात बोलायचा, शहरात पूर्वभागात मोडकंतोडकं तेलुगू, आणि वळसंगात दुकानवाल्या बजाबाईशी तिच्यासारखंच गावरान.

त्याची खरी कमाई पगार नव्हती. समोरच्या, म्हणजे स्पर्धक कंपनीचा भाव त्याला कळायचा, ही त्याची कमाई. कसा कळायचा ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. छापील भाव वेगळा आणि दुकानदाराला पडतो तो वेगळा. कुणाला दहा पुड्यांवर एक पुडा फुकट, कुणाला किलोमागे चार रुपये कमी, शेजारच्याला यातलं काहीच नाही. म्हणून दुकानदार आपला भाव सख्ख्या भावाला सांगत नाही. गुरुलिंगला मात्र दाखवत. सांगत नसत, दाखवत. समोरच्याचं बिल काउंटरवर ठेवायचं आणि पाणी आणायला म्हणून आत जायचं. गुरुलिंगनं नजर टाकायची. लिहून घ्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. साहेबाला एवढंच सांगायचं की त्या भागात समोरचा अमुक भावानं देतोय, आपलं काय ते बोला. हा शिरस्ता त्यानं बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

बजाबाईचं किराणा दुकान वळसंगात, एसटी थांब्याजवळ. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीच्या जिवावर वाढवलेलं. दुपारी तासभर तिची जाऊ दुकानात बसायची, बाकी सगळा दिवस ही. आसपासचे टपरीवाले तिच्याकडूनच पावडर उचलायचे, म्हणून समोरच्या कंपनीनं तिला किलोमागे चौदा रुपये कमी लावले होते. गावात दुसऱ्या कुणाला हा भाव नव्हता. त्या चौदा रुपयांवर टपरीवाले टिकून होते आणि टपरीवाल्यांवर दुकान.

फेब्रुवारीत कंपनीनं ठरवलं, सेल्समन लोकांसाठी मोबाइलवर ॲप करायचं. दुकानात उभ्या उभ्या समोरच्याचा भाव टाकला की शेजारी आपला दिसेल, फरक दिसेल, किती खाली यायचं ते तिथंच ठरेल. कल्पना वाईट नव्हती, गुरुलिंग आजही तसंच म्हणतो. ॲपची आखणी करायला पुण्याहून अनिमेष आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, किडकिडीत, बोलायला गोड. दोन दिवस तो गुरुलिंगच्या गाडीवर मागं बसून हिंडला. उन्हात स्क्रीन दिसते का, हातात पिशवी असताना अंगठा कुठवर पोचतो, कुठल्या गावात रेंज जाते, सगळं विचारून टिपून घेतलं.

गुरुलिंग हरखला. हरखणार नाही तर काय? बावीस वर्षांत कंपनीनं त्याला टार्गेटशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. तो सांगत सुटला, आकडे मोठे कर, आमच्यात चाळिशी लागलेले लई हायत. रेंज गेली तरी भाव दिसला पायजे. फुकटचा पुडा धरून किलोला काय पडतं ते तूच काढून दे, तितंच आमचा घोटाळा होतो. अनिमेष मान डोलवत होता आणि गुरुलिंगला वाटत होतं, आपण आता ऑफिसातले झालो.

दुसऱ्या दिवशी वळसंग सोडल्यावर दोघं चहाला थांबले. अनिमेष म्हणाला, "काका, एक खरं उदाहरण द्या ना. म्हणजे स्क्रीन कशी भरायची ते मला नीट कळेल."

आणि कौतुकानं फुगलेला गुरुलिंग बोलून गेला. बजाबाईचं नाव, गाव, समोरच्याचा भाव, चौदा रुपये, सगळं. हे तुझ्यापाशीच ठेव असं तो म्हणाला होता की नाही, याबद्दल त्याची स्वतःचीच खात्री नाही. विचारलं तर म्हणतो, म्हणालो होतो.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सोलापुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये ॲप दाखवायचा कार्यक्रम झाला. ऐंशी सेल्समन, पुढं एरिया मॅनेजर मानसिंगसाहेब, मागं भिंतभर पडदा. पडद्यावर नमुन्याची स्क्रीन आली. वर ठळक अक्षरांत: बजाबाई किराणा, वळसंग. खाली समोरच्याचा भाव, आपला भाव, आणि लाल रंगात फरक चौदा रुपये. साहेब कौतुकानं म्हणाले, फोटो काढून घ्या सगळ्यांनी, सरावाला उपयोगी पडेल. ऐंशी मोबाइल वर झाले.

गुरुलिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद करा ते," तो उभा राहून ओरडला.

"प्रश्न शेवटी घेऊ, गुरुलिंग. बसा."

"आदी ते बंद करा, साहेब. मग मी बसतो न्हायतर घरी जातो."

अनिमेष गोंधळून पुढं आला. "काका, ती फक्त डमी माहिती आहे. नमुन्यापुरती."

"डमी? ती बाई डमी हाय व्हय? उन्हातान्हात दुकानात बसती ती. तुला काय तिचंच नाव घावलं?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेबांनी पुढची स्क्रीन लावायला सांगितली आणि दुपारी जेवताना नाव बदलू म्हणून शब्द दिला. नाव बदललंही. पण फोटो केव्हाच सेल्समन लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले होते, आणि ग्रुपवरचं काही ग्रुपवर राहत नाही.

सोमवारी पेट्रोल पंपावर त्याला शहाजी भेटला. हा समोरच्या कंपनीचा सेल्समन, पण सरळ माणूस. "गुरुलिंगअण्णा, तुमच्या लोकांनी लई वाईट केलं बघा," तो म्हणाला. "तुमच्या ॲपचा फोटो वळसंगात पोचला. चार दुकानदार माझ्या उरावर बसले, आमालाबी चौदा कमी पायजेत म्हणून. वरनं हुकूम आला, कुणालाच नको, बजाबाईचाबी भाव काढा. गुरुवारीच काढला. टपरीवाले आता सोलापुरातनं माल उचलायला लागलेत."

गुरुलिंगनं पेट्रोलसुद्धा भरलं नाही. तसाच ऑफिसात गेला. अनिमेष साहेबांसमोर लॅपटॉप उघडून बसला होता.

"ऊठ. गाडीवर बस," गुरुलिंग म्हणाला.

मानसिंगसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अहो, नाव काढलंय त्यानं. विषय संपला."

"तुमचा संपला असंल. तिचा भाव गेलाय. आपण देता का तिला चौदा कमी?"

साहेब म्हणाले, एका दुकानासाठी कंपनीचं धोरण बदलता येत नाही. मग गुरुलिंग धोरणाला, कंपनीला आणि साहेबांच्या नव्या खुर्चीला जे बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. अनिमेष मात्र निमूट उठला आणि गाडीवर बसला.

वळसंग येईपर्यंत गुरुलिंगचं तोंड थांबलं नाही. शिकलेली माणसं, एसीत बसणारी, गरिबाच्या पोटावर पाय देऊन वर सॉरी म्हणणारी. मागचा माणूस एक शब्द बोलत नव्हता, त्यानं गुरुलिंग आणखीच भडकत होता. दुकानासमोर गाडी लावून त्यानं अनिमेषला दंडाला धरून पायरीवर उभं केलं.

"अक्का, हा बघ. ह्यानं तुझं नाव भिंतीवर लावलं. सांग रे, तुझ्या तोंडानं सांग तिला."

अनिमेषनं सांगितलं. चूक झाली, माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी तुमची माफी मागतो. बजाबाईनं त्याला आधी तांब्याभर पाणी दिलं.

"बस की. उन्हाचा आलायस," ती म्हणाली. तो पाणी पिईपर्यंत थांबली. मग विचारलं, "तू तर मला वळखत बी न्हाईस. माझा भाव तुला कुटनं कळला?"

अनिमेषनं मान खाली घातली. त्यानं गुरुलिंगकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी सांगितला, अक्का," गुरुलिंग म्हणाला. मघापासून वरच्या पट्टीत असलेला आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येईना.

बजाबाई त्याच्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, त्याला रागाशी वागता येतं. ती म्हणाली, "जावेशी बोलणं टाकलंय मी. चार दिस झालं. दुपारची तीच असती हितं, म्हटलं तिनंच बिल दाखवलं असंल कुणाला. लई बोलले तिला, लेकरांदेखत बोलले. तुला इचारायचं माज्या मनात सुदिक आलं न्हाय."

ती उठली, पदर खोचला आणि शटर ओढायला लागली.

"मीबी येतो तिच्याकडं," गुरुलिंग म्हणाला. "मी सांगतो तिला."

"नगं," बजाबाई म्हणाली. "तू तुज्या कामाला जा." आणि ती जावेच्या घराकडं निघाली.