गुडघ्यांचं निमित्त

लघवी धरवत नाही, हे चारचौघींत सांगायचं तरी कसं? नेरूळच्या जयमालाताईंनी सोसायटीत गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. सहल असो, बारसं असो, मेले गुडघे आडवे यायचे. खरं तर ते ठणठणीत होते. पुढे एका इस्पितळातल्या संशोधनात त्यांच्या कमरेखाली छोटं यंत्र बसवलं. ते मूत्राशयाच्या नसेला हलके झटके देतं. लघवी ताब्यात आली, ताई हरखल्या. पण गुडघेदुखीच्या बाईला उगाच त्रास नको म्हणून बायकांनी बोलावणं कधीचंच सोडलं होतं. यंदाही सहलीची बस त्यांच्या गॅलरीखालून गेली. सगळ्यांनी मायेने हात हलवले.

तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आता बाहेर पडता ना?"

"पडते की," ताई फणकारल्या, "इथे येते."