भट्टीच्या दाराशेजारचा रंग

वसंतकाका कुठल्याही इंजिनाला एकदम हात लावत नसत. आधी पालथा हात पत्र्याजवळ न्यायचा, धग जाणवते का ते पाहायचं, मगच बोटं टेकवायची. अकोल्यातलं ते लहान लाइनचं, अरुंद रुळांवरचं वाफेचं इंजिन थंड होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरीही. “लोखंडाचा भरवसा नाही, बाई,” ते म्हणत.

काका त्याच इंजिनावर भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन होते. ते इंजिन शहरातल्या बागेत लोकांना पाहायला ठेवायचं ठरलं आणि त्याचा मूळ रंग शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. कोणी काळा म्हणे, कोणी लाल. म्हणून मी मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या काकांच्या घरी गेले.

“मले रंग आठवत नाही,” ते म्हणाले. “आवाज आठवते.”

बाकीचं त्यांच्या मुलीने, रेखाताईने सांगितलं. एकदा चालत्या गाडीत भट्टीची आग उलटून केबिनमध्ये आली. ड्रायव्हर गणपतराव गेले. काका बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. तेव्हापासून घरात कुकरची शिट्टी झाली तरी ते अंगणात जाऊन उभे राहत.

तरीही दुसऱ्या दिवशी काका बागेत आले. इंजिनाभोवतीच्या कुंपणाच्या आत मात्र येईनात. “मी इथूनच सांगतो. नंबराच्या पाटीमागं खरवड, तिथं ऊन लागलं नसन.” पाटी काढली, खरवडलं, आणि काळ्या थराखालून गर्द हिरवा निघाला. मी आनंदाने ओरडले. काका दचकून दोन पावलं मागे सरले.

केबिनच्या आतला रंग राहिला होता. भट्टीच्या दाराशेजारी मी पातं चालवलं. वर मळकट मलई रंग होता. त्याखाली फोड आलेला, जळून कोळसा झालेला थर.

“काय निघालं?” काकांनी बाहेरून विचारलं. मी पातं खाली ठेवलं.

आणि मग ते चढले. आधी दांड्याजवळ पालथा हात नेऊन, मग तो धरून, धापा टाकत. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते त्या जळक्या थरासमोर उभे राहिले. त्यांना काही झालं तर, एवढंच माझ्या मनात होतं.

“हे त्याच दिवसाचं,” ते म्हणाले.

मी विचारलं, “काका, खरं ते राहावं म्हणून एवढा तुकडा तसाच ठेवू?”

“काहून? लेकरं चढतीन इथं. त्यायले आमचं भेव कायले दाखवतं? दे तो ब्रश.”

मलई रंगाचा पहिला हात त्यांनीच मारला. फटकारे वाकडेतिकडे गेले, घाम गळत होता, पण भिंत पूर्ण झाकली जाईपर्यंत ते खाली उतरले नाहीत.

इंजिन लोकांसाठी खुलं होण्याआधीच काका गेले. पहिल्या दिवशी केबिनमध्ये पोरांची झुंबड उडाली. एका चिमुरडीने भट्टीच्या उघड्या दारात डोकं घातलं आणि जोरात आरोळी ठोकली. तिला मागे ओढायला मी हात पुढे केलाही होता. मग तो मागे घेतला, आणि तिला पोटभर ओरडू दिलं.